कंप्रेसर अन् माझं मागचं पाऊल

आवाज गेला म्हातारीचा, असं सप्ताहाच्या मांडवातून कुणीतरी मोठ्यानं म्हणलं अन् बाया हसल्या. मी तर पोटातून ओरडत व्हते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, कान गरम झालेले, अन् भोंग्यातून काय यायलंय, तर घोंगडीखालून कुणी बोलावं तसं. गौळणीतली हाक तशीच बुडाली. पेटीवाल्या महाराजांनी माझ्यामागं म्हणणाऱ्या विमलला खूण केली, तू धर. विमलनं माझ्यापुढचा माइक आपल्याकडं वळवला. उद्या पोखर्णीला देवळात हिलाच पुढं उभी करू, असं महाराज म्हणले, हेबी मी माझ्या कानानं ऐकलं.

काय सांगू तुम्हाला, माझा आवाज शिकून आलेला न्हाई. माहेर देवगाव फाट्याकडचं. चौथी झाली अन् बापानं ज्वारीतल्या माळ्यावर चढवलं, पाखरं हाकलायला. गोफण भावाला, मला नुसता गळा. मी हाक मारली की पार तिकडच्या धुऱ्यावरची पाखरं उठायची. लग्न होऊन ताडकळसला आले तर सासू म्हणे, ही सून हाय का भोंगा. म्हणलं, पसंत तुमीच केली. मंग सप्ताहात बायांच्या भजनाला पुढं मीच, चाळीस वर्षं झाली.

माइक आला तवा नवीच भानगड. मी वर चढले की भोंगा खर्र करायचा, लोक कानावर हात ठेवायचे. तवाचा माइकवाला म्हातारा हात जोडायचा, आक्का, माइक खायलाव का. त्यानंच शिकवलं, हाक सुटली की एक पाऊल मागं सरायचं, हळू म्हणायचं तवा पुढं यायचं. तो म्हातारा गेला, पण ते पाऊल माझ्या अंगात बसलं. आता सांगितलं तरी पाय थांबत न्हाई.

तर त्या दिवशी मी गप घरी गेले असते तर कायमचीच मागं बसले असते. पंगत बसली, बाया वाढायला लागल्या, अन् मी गेले सरळ शंकरकडं. शंकर म्हणजे आताचा माइकवाला, चाळिशीचा गडी, नवं सामान आणलेला. म्हणलं, शंकर, माझा आवाज कुठं ठेवलास? म्हणे, आक्का, मी काय केलं न्हाई, कंप्रेसर लावलाय. म्हणलं, माझ्यात काय हवा भरायलास का? हसला. म्हणलं, हसू नको, दाखव.

त्यानं डब्यावरचे दिवे दाखवले. म्हणे, ही एक रेघ समजा. आवाज रेघेखाली हाय तवर हे हात लावत न्हाई. वर गेला की दाबतं, चार हात उडी मारली तर एकच हात जाऊ देतं, म्हणून भोंगा फाटत न्हाई. म्हणलं, रेघ कुठं ठेवलीस? म्हणे, लय खाली, तुमच्याच भ्यावानं. मी माइकमदी हाक मारली. तांबडे दिवे भरभर पेटले, अन् मी गप झाले तरी लवकर विझेनात. म्हणलं, हे कामून? म्हणे, दाबलेलं सावकाश सोडतं, तसं लावलंय.

तवा माझ्या ध्यानात आलं. हाकेचा पहिला झटका माइकजवळ बसतो, डबा गळा धरतो. तेवढ्यात मी सवयीनं मागं सरते, अन् ह्यानं अजून सोडलेलं नसतं. दोन्हीकडून मीच दाबली जाते. शंकरला म्हणलं, आपल्या दोघांत एकानंच मागं सरायचं. मी लय सरले, आता तुझा डबा सरंल. रेघ वर घे, अन् धरलं की लवकर सोडू दे. तो म्हणे, आक्का, भोंगा फाटला तर लोक मला धरतील. म्हणलं, धरलं तर माझं नाव सांग. तवा कुठं त्यानं बटण फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पोखर्णीलाबी सामान शंकरचंच, अन् मी कुणाला न विचारता पुढं उभी राहिले. महाराज म्हणले, आज विमल. म्हणलं, विमल माझ्यामागून. हाक आली, पाय लय वळवळला, पण मी टाच दाबून धरली. भोंगा फाटला न्हाई. हाक पार रस्त्यापर्यंत गेली, तिकडून येणारे बाप्ये थांबून बघायले. महाराजांनी पेटी वाजवली. विमलनं मागून चांगलं धरलं, तिला नाव ठेवत न्हाई मी.

आताबी सप्ताहात पुढं मीच असते. अगोदर शंकरचे दिवे बघते, मंग तोंड उघडते.

आवाज गेला म्हणले ती म्हातारी मी, ताडकळसची गयाबाई, शाळा चौथी.