गोणीला झोका

अगं, आमच्या कोलशेतच्या बालवाडीत नौपाड्याच्या इंजिनियर लोकांनी फुकट झोपाळा बसवला ना, तेव्हाची गोष्ट. कारखान्यांची मशिनं तपासणारी माणसं ती. त्यांच्यातल्या साहेबांनी पाटावर वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या. "बघा ताई, खांब हललापण नाही. बसवा तुमच्या मुलीला."

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, गोणी गप बसते. माझी परी बसेल काय? गोणीलाच झोका द्या की."

साहेब हसले, पण दिला. दहाव्या झोक्याला वरचा नट सैल होऊन टपकन खाली! हसू गेलं. त्यांनी स्वतः शिडीवर चढून नवीन नट आवळला, पुन्हा शंभर झोके दिले, मगच परीला बसवलं.

जाताना विचारलं, "ताई, शिकलात किती?"

"सातवी. पुढचं परीने शिकवलं."