एकसष्ट नंबरची सही

...आणि वर लोक मलाच विचारतात, परब, तुम्ही तो बल्ब घेतलातच कशाला? अहो, फुकट होता म्हणून घेतला! रविवारी सकाळी मुलुंड पूर्वेला सोसायटीच्या आवारात टेबल टाकून कुणी बल्ब वाटत असेल, तर तुम्ही काय पाठ फिरवून देवळात जाल? नऊ वॅटचा बल्ब हो, दुसरं काही नाही.

तुम्हाला सांगतो, वाटत होती आपली वीज कंपनी. नाव घेत नाही, मला अजून त्यांच्याच विजेवर पंखा फिरवायचाय. तीच ती, बिलावर हिरवं पान छापते आणि खाडीपलीकडे कोळसा जाळते. टेबलावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अंकल, एक मेंबर, एक बल्ब. नाव, फ्लॅट नंबर, सही." मी सही केली, बल्ब घेतला आणि मग... आता काय सांगू... पुढच्या ओळीवर शेवंतीची पण केली.

शेवंती म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. दम्यानं गेली. पण रेशन कार्डावर नाव होतं ना अजून! आणि तिची सही आयुष्यभर मीच करत आलो, सोसायटीच्या नोटिशीवर, सिलिंडरच्या पावतीवर, लेकीच्या शाळेतल्या पालकसभेच्या वहीत. ती म्हणायची, तुम्हीच करा, माझे हात पिठाचे आहेत. तसाच त्या दिवशीही हात चालला. तिच्या ओट्यावरचा दिवा गेला होता, एवढंच मनात होतं. नऊ वॅटचा बल्ब हो! कागदाचा वरचा भाग चिमट्याखाली दुमडलेला होता, तो उलगडून एकानं जरी वाचला असेल तर शपथ.

आता माझी लेक, श्रुतिका. वकील आहे. तिनं आणि तिच्या दोस्तांनी कंपनीच्या मागे टुमणं लावलेलं, की सरकार खाडीपलीकडचं ते जुनं कोळशाचं युनिट बंद करायचं म्हणतंय, तर ते आणखी आठ वर्षं चालू ठेवा असं मागच्या दारानं सांगतंय कोण? कुणाला भेटलात, काय मागितलंत, कुणाच्या तोंडून मागितलंत, सगळं छापा. कंपनीनं उत्तर दिलं, छे, आम्ही कुठे काय मागतोय, लोकच मागतायत! आणि सोबत जोडलं एक पत्र, युनिट चालू ठेवा म्हणणारं. 'पूर्व उपनगर स्वच्छ हवा नागरिक मंच', खाली चारशे बारा सह्या.

श्रुतिका ते पत्र घेऊन घरी आली, डोळे लाल. "बाबा, एकसष्ट नंबर बघा. आईच्या नावानं खोटी सही मारलीय त्यांनी. आता मी सोडत नाही." मी बघितलं. वळण माझंच. आणि तुम्हाला वाटेल मी लगेच सांगून टाकलं असेल? मी चहा ठेवला.

तिथून जे सुरू झालं ना... शेवंती कपडे वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्यानं पुसायची. फडकं काळंकुट्ट व्हायचं. ते नुसतं माझ्यासमोर धरायची. ते फडकं अजून खिडकीत आहे. आता ओट्यावरचा बल्ब लावला की त्या फडक्याची सावली भिंतीवर पडते आणि ती खोकते. हसू नका, ऐकू येतं मला. खोकते आणि म्हणते, "माका कोणी इचारूक नाय." दोनदा स्टुलावर चढलो बल्ब काढायला. हात धजला नाही. घरात तिच्या नावानं आलेली शेवटची वस्तू ती.

वीज आयोगापुढे सुनावणी होती, त्या दिवशी श्रुतिका आईचा मृत्यूचा दाखला हातात घेऊन उभी. कंपनीचा वकील एकदम थंड. "सही कंपनीनं केली याला पुरावा काय? नसेल तर बदनामीचा दावा लावू, मॅडम." पोरीचा आवाज चिरकला. मग मात्र मला बसवेना. उठलो, म्हटलं, "सही मी केली. बल्बासाठी."

श्रुतिका वळून बघत राहिली माझ्याकडे. ती नजर मी त्याआधी एकदाच बघितली होती, हॉस्पिटलच्या जिन्यात. तेवढ्यात मागून वरच्या मजल्यावरच्या चेतनाबेन उठल्या, "साहब, हमने भी बल्ब के लिए ही किया था." मग तिसरा, मग दहावा, मग अख्खा हॉल!

निकाल लागला, अगदी झकास. कंपनीनं कुणाकडे काय मागितलं आणि कुणाच्या नावावर मागितलं, ते दर वर्षी अहवालात छापायचं. ज्याला सही मागे घ्यायची असेल त्यानं स्वतः यायचं. गेले की सगळे, मीही माझी घेतली. मग क्लार्कला म्हटलं, आता एकसष्ट नंबर.

"त्यांना पाठवा."

"ती वारली हो."

"मग कसं जमणार, काका? वारसाला मत बदलता येत नाही."

"अहो, पण सही मीच केलेली!"

"ते तुम्ही म्हणता. कागदावर त्यांचं नाव आहे."

परवा अहवाल आला. गुळगुळीत कागद, वर हिरवं पान. श्रुतिकानं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. 'युनिट चालू राहावे अशी मागणी करणारे नागरिक: एक.' खाली नाव, शेवंती नंदकुमार परब.

आता दर वर्षी छापणार म्हणे, पारदर्शक कारभार आहे ना! दोरी मी पुसतो हल्ली, फडकं तस्संच काळं होतं. बल्ब काही जात नाही. आणि चारशे बारातून चारशे अकरा घरी गेले, त्या धुराच्या बाजूनं अख्ख्या मुलुंडात एकटी माझी शेवंती उभी आहे.