गजराबाईला सवय लावायची म्हणं!

...आन् वरनं म्हणत्यात, सवय लावा! आता तुमीच सांगा, साठीला टेकलेल्या बाईला नवी सवय कोण लावणार, कशी लावणार, आन् ती लावून घेणार का? शाळंतल्या पोराला घरचा अभ्यास द्यावा तसा कागद दिलाय लिहून. रोज अर्धा तास चालणं, सकाळचं कवळं ऊन, येळंवर झोप, चौघात बसून जेवण, हाताला काम, मोबाईल कमी, आन् मन मोकळं करून बोलणं! सवय लावा म्हणं, सवय!

न्हाय, डॉक्टरीणबाईवर माझा राग न्हाय बरं का. लई गुणाची बाई. आमचा ल्योक समर्थ धाराशिवला कचेरीत कारकून हाय, त्यानंच नेलं दाखवायला. कुणाला? गजराबाईला! गजराबाई म्हंजी आमचं कुटुंब. सहा महिने झाले, बाई बोलंना. म्हंजी रुसून बोलंना असं न्हाय, ते आमाला पाठ हाय, ते दोन दिसात उतरतं. ही भिताडाकडं तोंड करून बसायची ती बसायचीच. भाकरी पुढं ठिवली तर भाकरीकडं बघत ऱ्हायची, भाकरी वाळून कडकडीत. रात रात डोळा लागंना. डोस्क्याला फणी न्हाय. शेजारची प्रेमाबाई म्हणली, "भाऊजी, नजर लागलीय, मिरच्या ओवाळा!" ओवाळल्या, चुलीत टाकल्या, सगळी आळी खोकून खोकून बेजार, म्हातारी माणसं घर सोडून रस्त्यावर आली... आन् ही तेवढी ढिम्म!

मग आमच्या माकणी गावावरनं यष्टीनं धाराशिव. डॉक्टरीणबाईनं सगळं इचारलं, नीट ऐकलं, म्हणल्या, "काका, हा उदासीचा आजार आहे. ताप येतो तसाच आजार, यात लाजायचं काही नाही. गोळी चालू ठेवायची, मनानं बंद करायची नाही. पण गोळीच्या जोडीला रोजच्या सवयी लागतात." आन् दिला तो कागद.

यष्टीत बसून म्या तो कागद वाचला. चवथीपतुर शिकलोय, वाचता येतं मला. आन् तुमाला सांगतो, वाचता वाचता माझं डोस्कं असं तापलं! अर्धा तास चालणं? आवं, ही बाई चाळीस वर्सं शंभर मेंढरांमागं धरणाच्या कडंकडंनं चालत हुती, अर्धा तास तर नुसतं एक चुकार कोकरू हुडकायला जायचा! कवळं ऊन? कवळं, निबर, चैताचं, सगळं ऊन हिनं अंगावर घेतलंय. येळंवर झोप? दिस बुडाला की घोंगडं, कोंबडं आरवायच्या आदी उभी. हाताला काम? चालता चालता टकळीवर लोकर कातायची, तोंडानं बडबड चालूच! आन् मन मोकळं करून बोलणं म्हणाल, तर एकेका मेंढीशी घरच्यावानी बोलायची. "काय गं काजळे, आज का लंगडतीस? काटा मोडला का? बगू पाय!" माझा गुडघा दोन वर्सं दुखत हुता, मला न्हाय कधी इचारलं!

म्हंजी कागदावरचं औषध हिला आदीच चालू हुतं, ते बी सकाळ-सांज. मग ते बंद कुणी केलं?

म्याच केलं की! मेंढरं इकली.

आता तुमी म्हणाल, का म्हून इकलीस बिरदेवा? आवं, समर्थ यायचा, बसायचा, म्हणायचा, "अण्णा, गुडघे गेले तुमचे, किती दिवस रानोमाळ फिरणार? आणि हापिसात विचारतात, वडील काय करतात, तर..." त्ये 'तर' तिथंच थांबायचं. पुढं काय बोलायचा न्हाय, चहा प्यायचा. पर त्ये 'तर' माझ्या मनाला लई लागलं. एक दिस सकाळी टेंपो आला, मेंढरं चढली, त्यांचं वाडगं मोकळं झालं. गजराबाई दारात उभी हुती. काय म्हणली न्हाय. मला वाटलं, पसंत हाय!

आन् आता म्हणत्यात, सवय लावा!

बरं, लावायची म्हणली तर लावली. दुसऱ्याच दिशी पहाटं निघालो दोघं चालायला. आता शहरात माणूस बिनकामाचं चालतं, त्याला कुणी काय म्हणत न्हाय, उलट शाणा म्हणत्यात. खेड्यात? म्हातारा-म्हातारी, भल्या पहाटं, रिकाम्या हातानं, बिनबोलता, झपाझपा चाललीत म्हणल्यावर एकच अर्थ! शिवलिंगप्पा दुकानाची फळी काढत हुता, तिथनंच वरडला, "बिरदेवा, कोण गेलं रं?" म्हणलं, "कुणी न्हाय, चालायला निघालाव." त्यानं मान हलवली, त्याला वाटलं दुःखानं बोलवत न्हाय गड्याला. फळी परत लावली, टोपी घातली, निघाला की मागनं! त्याला बघून आणिक दोघं. पाणी भरणारी इरम्मा घागर ठिवून डोळ्याला पदर लावून आली! वेशीपतुर जाईस्तवर मागं सात माणसं, सगळी खाली माना घालून, एक जण हळूच इचारतोय, "माती कितीला हाय?" म्या वळून हात जोडलं, म्हणलं, "बाबांनो, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, नुसतं चालायचंय!" शिवलिंगप्पा असा भडकला, म्हणला, "मग पहिलंच सांगायचं, बोहणीचा टाइम घालवलास!" म्हंजी कुणी मेलं न्हाय ह्याचंच वाईट वाटलं बगा त्याला!

दुसऱ्या दिशी म्हणलं हातात काय तरी असू द्यावं. दिली गजराबाईच्या हातात तिची जुनी काठी. निघालो. आन् तीच इरम्मा, तोंड भरून म्हणली, "आगं बाई, गजराक्का! काठी घेतलीस, मेंढरं कुठं हाईत?"

गजराबाई तिथनंच माघारी फिरली. दोन दिस अंथरुणातनं उठली न्हाय, पाण्याचा घोट घ्यायची तेवढंच. त्या दोन दिसात म्या लई भ्यालो, खोटं कशाला बोलू? ऱ्हाऊन ऱ्हाऊन उठायचो आन् तिच्या नाकाम्होरं हात धरून बगायचो. माणूस असं जितंपणी हातातनं जातंय, आन् आपुन नुसता कागद घेऊन बसलाव! सवय लावा म्हणं!

समर्थला फोन लावला. त्याची बायको मोनिका, पोरगी मनानं चांगली, घरातनं मिक्सर चालू असतानाच बोलली, "आई, तुमच्या मनात काय आहे ते अगदी मोकळेपणानं बोला!" घर्रर्र! "बोला आई, मी ऐकतेय!" घर्रर्रर्र! आता ह्यात कोण काय बोलणार? मग तिनं पावलं मोजायचं घड्याळ धाडलं कुणाच्या तरी हातानं. गजराबाईनं त्याला हात लावला न्हाय, म्हणून म्याच घालतो. दिसभरात दोन हजार पावलं भरत्यात, त्यातली निम्मी ती उठली का बगायला जाण्यायेण्याची.

मग माझ्या डोस्क्यात उजेड पडला! म्हणलं, मेंढरामुळं गेलं तर मेंढरानंच येईल. गेलो बाजाराला, एक चांगलं धष्टपुष्ट कोकरू घेतलं, आन् आणून बांदलं तिच्या म्होरं खुटीला. आन् उभा ऱ्हायलो, मेडल मिळाल्यावानी छाती काढून.

गजराबाईनं बगितलं. लई येळ बगितलं. आन् सहा महिन्यानं त्या बाईचं तोंड उघडलं!

"माझ्या बाच्या घरच्या मेंढीचं हाय का ह्ये?"

म्या म्हणलं, "न्हाय, बाजारातनं आणलंय."

"मग त्या कुठं हाईत?"

त्या कोणत्या, ते म्या लगीच वळखलं. आवं, आमच्या धनगरात लेकीला आंदण म्हणून मेंढ्या देत्यात. हिच्या बानं लग्नात हिला तीन मेंढ्या दिल्या हुत्या, तीन! आन् माझं सगळं वाडगं त्या तिघींच्या पोटचं हुतं. माझ्या बाची मेंढरं तर लग्नाच्या दुसऱ्याच साली रोगानं मेली हुती. चाळीस वर्सं म्या 'माझी मेंढरं, माझी मेंढरं' करत फिरलो, आन् मेंढरं हुती हिची!

"इकायच्या आदी मला इचारलं हुतं का?" म्हणली.

समर्थला इचारलं हुतं. शिवलिंगप्पाला इचारलं हुतं, भाव बरा हाय का म्हणून. देवरुष्याला इचारलं, वार कोणता चांगला म्हणून. टेंपोवाल्याला सुद्धा इचारलं हुतं, बाबा, चहा घेणार का! हिला तेवढं इचारलं न्हाय. मुद्दाम न्हाय हो... ध्यानातच आलं न्हाय. आन् मुद्दाम न्हाय, हेच लई वाईट हाय.

ती उठली. कोकराजवळ गेली, म्हणली, "ही गाठ कुणी मारली? गळ्याला काचतीया त्याच्या." आन् सैल केली.

आता सकाळी कोकरू म्होरं, ही मागं, हिच्या मागं म्या. कुणी इचारत न्हाय कोण गेलं म्हणून. ऊन मिळतंय, भाकरी अर्धी जातीया, गोळी चालू हाय, झोप अजून कच्चीच हाय. माझ्याशी कामापुरतं बोलती.

डॉक्टरीणबाईला सांगितलं सगळं, काय लपवलं न्हाय. त्यांनी कागद वढला, आन् ह्या बारीला वर माझं नाव घातलं! म्हणल्या, "काका, आता एक सवय तुम्हाला. रोज एक गोष्ट काकूंना विचारून करायची." एकच वळ लिवली! आन् तुमाला सांगतो, तिच्या आख्ख्या यादीपरीस ही एक वळ जड हाय. पासष्टीला ही सवय लावा म्हणं, सवय!

तरी काल सुरुवात केली. चुलीम्होरं बसलो, धीर केला, इचारलं, "गजरे, चहा करू का?"

ती कोकराच्या अंगावरची कुसळं काढत हुती. वर बगितलं बी न्हाय. म्हणली, "मेंढरं न इचारता इकलाव, आन् चहाचं इचारताव व्हय?"

म्या आधण ठिवलं. पत्ती टाकली. साखरंचा डबा उघडला, आन् हात तिथंच थांबला. चाळीस वर्सं हिच्या हातचा चहा पेलो, पर ही सवताच्या चहात किती साखर घालती, मला ठावंच न्हाय! इचारावं म्हणलं... पर आजचं एक इचारून झालं हुतं, आन् दुसरं इचारायचं धाडस काय झालं न्हाय.

घातली मग अंदाजानंच.