स्वयंपाकाची सोय आहे

कॉटेज म्हणे! कॉटेज! अहो, तुम्हाले सांगतो, आमच्या नागपूरच्या वाडीले ट्रकवाले ज्या खोलीत फुटके टायर फेकतात नं, ती खोली बरी, तिले दार तरी असते! आन् याले म्हणे कॉटेज, तेही चिखलदऱ्याचं, 'डोंगरातला निवांत मुक्काम'...

सांगितलं कोनं? आमच्या सदर बाजारातल्या ऑफिसच्या ताराचंदनं! माणूस स्वतः जन्मात कामठीच्या पुढं गेला नाही, पण तुम्ही कुठंही जातो म्हणा, याचा साळा तिथंच! 'रुपराव, साळ्याचं कॉटेज आहे गा. भर मे महिन्यात रजई लागते! आन् स्वयंपाकाची सोय आहे!' वरून छापील कागद हातात दिला, त्याच्यातही शेवटी तेच, ठळक अक्षरात... स्वयंपाकाची सोय आहे.

आता तुम्हीच सांगा, सोय आहे म्हणजे काय? कोनीतरी करते आन् आपण जेवतो! लग्नाच्या पत्रिकेत 'राहण्याची सोय आहे' लिहिते, तर तुम्ही काय विटा-सिमेंट घेऊन जाता?

घरी गेलो, बायकोले म्हटलं, 'प्रेमिला, बावीस वर्षं झाली लग्नाले, कुठं नेलं नाही तुले. नेलं ते कुहीले, ते तुझं माहेर, तिथंही तू चुलीपुढंच. आता चार दिवस चाल चिखलदऱ्याले, चुलीचं तोंड पाहाचं नाही. माझा शब्द!' बाई अशी हसली बाप्पा... लग्नाच्या फोटोतही तशी हसली नाही! मग तिनं तो कागद वाचला आन् हळूच म्हणते, 'आवो, हे सोय म्हणजे... स्टोव्ह घेऊ का संगं?' मी असा भडकलो! 'मराठी तुले जास्त समजते का मले? मॅट्रिक पास होय मी! स्टोव्ह घेतला तर मी येत नाही!' झालं! चमचासुद्धा नेला नाही आम्ही. नेली फक्त रजई.

अमरावती, परतवाडा, एसटी बदलत बदलत, घाटात मले तीनदा ओकारी... पोहोचलो तर काय? पलंगाले तीन पाय, चौथ्याच्या जागी विटा! खिडकीवर पाटी, 'दरीचे दृश्य', आन् खिडकी उघडली तर म्हैस! ती माझ्याकडं पाहून राहिली, मी तिच्याकडं. काहून आलो गा मी एवढ्या लांब? नागपुरात म्हशी नाहीत काय?

तरी म्हटलं जाऊ द्या, भूक लागली. हातपाय धुतले, मांडी घालून बसलो, राखणदाराले आवाज दिला. देवाजी त्याचं नाव, म्हैसही त्याचीच. म्हटलं, 'वाढा.' 'काय वाढू जी?' 'जेवण! स्वयंपाकाची सोय आहे नं?' 'आहे नं जी!' आन् असा खुशीत मले मागच्या पडवीत घेऊन गेला... चूल! लाकडं! भात शिजवाचा एक काळा गंज! पोळपाट आहे, लाटणं नाही! 'हे पाहा जी, सोय.' 'आन् करते कोन?' त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मोठ्या दयेनं पाह्यलं. 'स्वयंपाक म्हणजे जी... स्वयं, पाक. आपलं आपण शिजवाचं. शब्दातच आहे नं जी!'

मॅट्रिक पास मी! आन् हा म्हशीवाला मले मराठी शिकवून राहिला!

मागं वळलो तर दारात प्रेमिला. पदर खोचला आन् चुलीकडं निघाली... तुम्हाले खरं सांगतो, तो पदर खोचताना पाह्यला आन् मले लय वाईट वाटलं. बावीस वर्षं हा पदर असाच खोचलेला! म्हटलं, 'थांब वं. शब्द दिला होता. जा, दरी पाह्य.' 'दरी कुठं आहे?' 'मग म्हैस पाह्य!'

चार दिवस! कणीक-तांदूळ आन् तवा देवाजीकडून घेतला आन् चार दिवस फुंकणी फुंकली मी! डोळ्यांतून धारा! लाटणं नाही तर बॅटरीनं पोळ्या लाटल्या, हो, हातातली, सेलची बॅटरी! पहिल्या दिवशी भात खाली जळला, मधात शिजला, वर कच्चा... आन् ती बाहेर खुर्चीवर, रजई पांघरून, ढग पाहून राहिली! तिसऱ्या दिवशी वरण चाखलं आन् म्हणते, 'आज जमलं बरं का.' असा फुललो मी! आन् लगेच लाज वाटली. मी तिले कधी म्हटलं काय असं? मीठ कमी पडलं तेव्हा मात्र बरोबर बोंबललो!

परत आल्यावर ऑफिसात ताराचंदले धरला, तर दात काढून म्हणते, 'पण सोय होती का नव्हती?' नालायक!

बरं, चिखलदऱ्याचं चिखलदऱ्याले संपावं का नाही? आज सकाळी कुहीवरून माझा साळा आला, बळीराम. ही खुर्चीवर बसलेली. तो म्हणे, 'ताई, उठू नको, मी निघतो, जेवणाची तकलीफ नको.' तर ही जागची हलली नाही, म्हणते, 'बस गा, जेवूनच जा. आमच्या इथं स्वयंपाकाची सोय आहे!' आन् पाह्यलं कोनाकडं?

हसा, हसा तुम्ही... चालतो मी, कणीक भिजवून आलो आहे. घरी चांगलं शिसवी लाटणं आहे हो, पण काय करता... हात आता बॅटरीवरच बसला!