वाढीव वॉरंटी? आम्ही नाही घेणार

नाही घेणार म्हणजे नाही घेणार, असं त्या गाडी विकणाऱ्याला कितीदा सांगितलं, तरी तो आपला गोड हसतोय... "ऑर्व्हिल सर, ही नुसती गाडी नाही, राहतं घर आहे तुमचं, उद्या पंप गेला, फ्रीज गेला, ती बाहेर सरकणारी भिंत अडकली, तर?" तर काय? मी दुरुस्त करीन! तुम्हाला सांगतो, आयोवात जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलंय मी. घर विकलं तेव्हा सोफा दिला, पियानो दिला, हत्यारांची पेटी नाही दिली. आणि हा मला भीती विकतोय. व्हर्ना, म्हणजे माझी बायको, हळूच म्हणते, "अरे, निदान वाच तरी."

वाचलं ना. वॉरंटीत पंप धरलाय, पंपाची नळी धरलेली नाही. छत धरलंय, गळती धरलेली नाही. आता गळण्याशिवाय छताला दुसरं काय होतं हो? नाही घेणार.

हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात, अशाच राहत्या गाड्यांच्या तळावर आलो. इथे संध्याकाळ झाली की सगळे म्हातारे आपापली खुर्ची उचलून शेकोटीभोवती जमतात, ज्याची बिअर त्याच्या हातात, आणि विषय एकच, कुणाच्या गाडीचं काय बिघडलं. मी उभा राहून भाषणच ठोकलं, "ती वॉरंटीवाली कंपनी कधी डोळ्यांनी बघितलीय का कुणी? नका घेऊ रे!" टाळ्या पडल्या. शेजारच्या डेल्बर्टने आपली वॉरंटी रद्द केली, मार्लिसबाईंनी तर तिथल्या तिथे फोन लावला. मी हवेत.

आणि मग दारावर डेल्बर्टची थाप. "ऑर्व्हिल, हीटर बंद पडलाय." म्हटलं, बरं मग? "बरं मग काय? तूच म्हणालास ना घेऊ नको? चल आता." मार्लिसबाई तर लाडीगोडी लावून, "तुमच्या शब्दावर विसंबले हो मी," म्हणत मला थेट संडासाच्या टाकीखाली घेऊन गेल्या... टाकीखालून बाहेर आलो, कसा ते विचारू नका, तरी म्हटलं, नाही घेणार, माझंच बरोबर आहे.

परवा आमचीच भिंत अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर, शेगडीपाशी जायला वाट नाही. मी पेटी उघडतोय तोच व्हर्ना आडवी. "हात लावू नकोस. मी घेतलीय वॉरंटी. गाडी घेताना तू बाहेर टायरांना लाथा मारून बघत होतास ना, तेव्हाच."

तुम्हाला सांगतो, डोकंच फिरलं माझं. म्हटलं, घर माझं, पेटी माझी, लावणार हात, बघू कोण अडवतंय!

"लावलास तर रद्द होईल. फक्त त्यांच्याच माणसाने उघडायचं, अशी अट आहे." मग ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आपण घर विकलंय, ऑर्व्हिल. परत जायला जागा नाही आपल्याला. मला झोपच लागत नव्हती रे."

मी पेटीचं झाकण लावलं.

त्यांचा माणूस आला, कसलासा खटका दाबला, भिंत सरकली. मी बाहेर खुर्चीत बसून बघत होतो. त्याने जाताना विचारलंसुद्धा, "इथे कुणी हात तर लावला नाही ना?" व्हर्ना म्हणाली, "नाही हो, याला मी लावूच देत नाही."

तर आता असं आहे... या तळावरच्या प्रत्येक गाडीखाली मला हक्काने बोलावतात. बंदी आहे ती फक्त माझ्या घराखाली.