बारा पॅनलांची गच्ची

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या इमारत निरीक्षकांच्या मागच्या बाकावर एक वायरमन आणि त्याची मावशी बोलत होती.

"आमच्या बिल्डिंगला सरकारचं हरित प्रमाणपत्र आहे म्हणे. मग गच्चीवर सौर पॅनल कसे नाहीत रे?"

"होते गं. मीच बसवले. पाहणी झाली, मीच उतरवले."

"नेले कुठे?"

"पुढच्या बिल्डिंगवर. तेच बारा पॅनल चार गच्च्या फिरून आलेत."

"आणि तपासणारा काय डोळे मिटून सही करतो?"

"डोळे चांगले आहेत. गुडघे गेलेत. लिफ्ट तेव्हा सुरू नसते, सात मजले कोण चढणार? खाली खुर्ची द्यायची, फोटो दाखवायचे. माणूस वाईट नाही. मला विचारलं, 'तू बसवलेस ना? मग झालं.'"

"तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"तो कागद बघून घर घेतलं रे मी."

निरीक्षकांनी हातातली फाइल तोंडासमोर धरली.

"इमारत खात्याचे साहेब कोण? गुडघ्यांचे?" आतून नर्सने हाक मारली. "या."

निरीक्षकांना पटकन उठता येईना. मागून कुणीतरी येऊन त्यांच्या कोपराला धरलं.

"सावकाश, साहेब," वायरमन म्हणाला.