मावशीकडे गेलेल्या आया

— नाही हो काका, बाल्कनीला जाळी आहे आमच्या, पक्की लोखंडी — पण काळजीला कुठे जाळी बसवतात? काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. झालं असं की आमच्या टिकलीनं — ती बघा, खालच्या कप्प्यापाशी स्टुलावर बसलीय ना, तीच, सात वर्षांची आहे, दिसते पाचाची — तर तिनं अंघोळीचा टॉवेल पाठीला बांधला, सोफ्याच्या हातावर चढली आणि मला म्हणते कशी, ‘आई, धरू नकोस. मला एकटीला उतरता यायला पाहिजे.’ झालं! मी मनातल्या मनात तिला चौथ्या मजल्यावरून उडवलं, पाडलं, प्लॅस्टरही घालून आणलं. माझी आई म्हणते, काळजी करण्याची स्पर्धा ठेवली तर तू पहिलं बक्षीस घेशील, आणि ते हरवेल म्हणून काळजी करत बसशील. खोटं नाही ते.

नाही नाही, तुमच्या लायब्ररीतल्या पुस्तकांना दोष नाही देत मी. म्हणजे आधी दिला होता. सुपरहिरो म्हणजे चड्डी बाहेरून घालून एकमेकांना इमारती फेकून मारणारी माणसं, एवढंच मला ठाऊक. आणि मी शिकलेली बाई — पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते घरी बसून, ऱ्हस्वदीर्घावरून रडणारी — माझी मुलगी हे वाचणार? मग तुम्ही तो ‘गंज’ हातात दिलात. आठवतंय? म्हातारा लोखंडी वीर, गुडघ्यांत गंज चढलेला, जिना चढता येत नाही, आणि चोर नेमका वरच्या मजल्यावर. मग तो काय करतो, तर खाली पायरीवर बसून चोराशी गप्पा मारतो. मारून मारून खाली आणतो त्याला! बारा पानं नुसत्या गप्पा, एक ठोसा नाही. आणि ते ‘सात सेकंद’ — तिकीटखिडकीवरची बाई, काळ थांबवू शकते, पण सातच सेकंद, आणि सात सेकंदांत काही जग वाचत नाही हो. ती आपली पडणारं मूल झेलते, कुणाचं उतू जाणारं दूध उतरवते. आणि ते शेवटचं पान, जिथे ती पहिल्यांदाच सात सेकंद स्वतःसाठी घेते आणि नुसती बसते — एक अक्षर नाही चौकटीत — ते मी तीनदा उलटून बघितलं. वाचावंच असं काय, म्हणून कुणी विचारलं ना, तर ही दोन आधी द्या. मग ती जाडी चित्रकादंबरी, निवृत्त खलनायक शेजारी राहायला येतो ती. तिचा शेवट जरा उरकलाय, पण असो. मला चुका दिसतातच, धंदाच तो.

तर मुद्द्यावर येते. मुद्दा पिशवीत आहे. हे ‘वादळपंख’ परत करायचं होतं. बघा, पण ओरडू नका. चौथं आणि पाचवं पान — हो, चिकटलंय. नाही, काही सांडलं नाही. मी चिकटवलं. स्वतः. हिच्याच शाळेच्या गोंदानं, फक्त बाहेरच्या कडेला, बारीक रेघ, म्हणजे वाफेवर सोडवता येईल — मी काही रानटी नाही. त्या पानांवर काय आहे तुम्हाला ठाऊकच असेल. तिसऱ्या पानावर तो नऊ वर्षांचा पोरगा आईशेजारी बसून जेवतोय. चौथ्यावर नदीला पूर येतो. पाचव्यावर आई नाही. आणि सहाव्यावर ह्याला पंख! मी तिसऱ्यावरून थेट सहाव्यावर आले, तर टिकली म्हणाली, ‘ह्याची आई कुठे गेली?’ मी म्हटलं, ‘मावशीकडे.’ काय करू, तेवढंच सुचलं.

आणखी दोन आहेत, हो. तीच रेघ, तोच गोंद. तीन पुस्तकं, तीन हिरो, तिघांच्या आया मावशीकडे. टिकली म्हणाली, ‘मावशीचं घर केवढं मोठं असेल ना!’ हसा, हसा. पण मला सांगा, ह्या लिहिणाऱ्यांचं आईशी काय वाकडं आहे? बाप एखादा उरतो, शास्त्रज्ञ काका उरतो, स्वयंपाकी उरतो — आई पाचव्या पानापुढे जात नाही. आई गेल्याशिवाय पोरांना शक्तीच येत नाही जशी. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं — एखादं असेल ना, ज्यात आई शेवटपर्यंत असते? काही पराक्रम नको तिचा. मागे कुठेतरी कपडे वाळत घालत असली तरी चालेल. ... वरच्या कप्प्यात बघा ना. ... अख्ख्या कपाटात एक नाही? ... ही? अहो काका, ही खलनायकाची आई आहे!

पूर्वी? पूर्वी वाचायचे की. सगळं वाचायचे, पूर, आग, सगळं, आवाज काढून काढून. गोंदाचं हे तीन आठवड्यांतलं. तीन आठवडे कसे मोजलेत, तर — काही नाही, पित्ताशयात खडे आहेत माझ्या. गुरुवारी काढणार. आजकाल काय, तीन भोकं पाडतात आणि तीन-चार दिवसांत घरी, डॉक्टर तर असं बोलतात जसा दाढेत अडकलेला तंतू काढायचाय. मला कुठे भीती आहे? मी फक्त कपाटात टिकलीचे कपडे वारांप्रमाणे लावलेत, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, आणि हिच्या बाबाला वेणी घालायला शिकवलीय — तो दोरखंड वळतो तशी वळतो. एवढंच. भीती असती तर पाचवं पान आलं की आवाज गेला असता ना? ... गेला होता. म्हणूनच गोंद.

टिकलीला? तिला सांगितलं की. रविवारी सांगितलं, चार दिवस मी घरी नाही. दवाखाना कशाला सांगायचा, घाबरेल. म्हटलं, मावशीकडे चाललेय.

हं? ... नाही, रडली नाही, हट्ट नाही. उलट काका, रविवारपासून शहाण्यासारखी वागतेय. दूध आपलं आपण ओतून घेते. दप्तर स्वतः भरते. वेणी घालू देत नाही मला, ‘नको, मला यायला पाहिजे’ — म्हणून ते डोक्यावर घरटं बघताय तुम्ही. बूटसुद्धा स्वतः घालते. मी म्हटलं चला, सुपरहिरोंचा काही चांगला परिणामही होतो. फुशारकीनं शेजारणीलाही सांगून आले.

काय करताय? ओढू नका, फाटेल! ... अच्छा, दाबून बघताय. हो, पाकिटासारखं फुगतं ते, वरून उघडं आहे ना — मी कडेलाच लावला होता गोंद. वरून डोकावलं तर... दिसतं? काय दिसतं? आईचा हात दिसतो? आणि पाणी?

थांबा. आत कागद कसला आहे? मी नाही ठेवला. द्या इकडे. हे तर हिचं अक्षर. ‘एकटीला येनाऱ्या गोष्टी.’ णची चूक. ‘दूध — आलं. दात घासणं — आलं. दफ्तर — आलं. सोफा — आलं. वेणी — थोडी आली. उजव्या बुटाची नाडी — आली. डाव्या बुटाची नाडी’ — पुढे नुसती रेघ. नाही आली.

म्हणजे हिनं वाचलंय. काका, हिनं तिन्ही वाचलीत. ह्या पोरीला कधीपासून माहीत आहे मावशीकडे जाणं म्हणजे काय, आणि मी रविवारी हिच्या तोंडावर — मी, जी स्वल्पविराम चुकला तर पान परत पाठवते...

नको, पाणी नको. स्टूल द्या एक. नाही, तेही नको, मी खालीच बसते.

टिकले. इकडे ये. ये गं, रागावले नाही. हा कागद तुझा आहे ना? मी बघितला. आता माझ्याकडे बघ. मावशीकडे नाही चालले मी. मी खोटं बोलले. ह्या सगळ्यांच्या आयांबद्दलही खोटं बोलले, ते तुला कळलंच आहे. मी दवाखान्यात चाललेय. माझ्या पोटात, इथे, हात लाव, इथे खडे झालेत बारके, ते डॉक्टर काढणार. गुरुवारी. दुखेल थोडं. मला थोडी भीती वाटते — थोडी नाही, बरीच वाटते. शुक्रवारी बाबा तुला घेऊन येईल भेटायला, मी पलंगावर असेन, केस विस्कटलेले असतील, हसू नकोस. रविवारी घरी. डॉक्टरांनी सांगितलंय, मी वहीत लिहून घेतलंय, तुला दाखवते. काय ते विचार, खरं सांगेन. टिकले? अगं, पाय कशाला पुढे करतेस?

‘मग डावी नाडी तूच बांध.’